रांजणवाडी की कॅन्सर? पापणीची शस्त्रक्रिया कशी होते?

पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येते आणि आपण 'रांजणवाडी असेल' म्हणून सोडून देतो. उतारवयात हे महागात पडू शकतं. पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर सुरुवातीला अगदी तसाच दिसतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात त्याचं प्रमाण जास्त आहे. गाठीजवळचे पापणीचे केस गळत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बायोप्सी केल्यावर नक्की निदान होतं.

शस्त्रक्रियेत काय करतात?
गाठीसोबत भोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात. कडांना कॅन्सरच्या पेशी उरल्या नाहीत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

पापणी पुन्हा कशी बनते?
साधारण पाव पापणी गेली असेल, तर थेट टाके घालता येतात. खालची पापणी अर्ध्याहून जास्त गेली, तर १९३७ पासूनची ह्यूज पद्धत वापरता येते. यात वरच्या पापणीचा आतला थर खाली आणून जोडतात आणि त्यावर त्वचा बसवतात. त्यामुळे तो डोळा काही आठवडे बंद राहतो. नंतर छोटी शस्त्रक्रिया करून तो उघडतात.

इतका खटाटोप कशासाठी?
पापणी नसेल तर डोळा कोरडा पडतो, नजरही जाऊ शकते. म्हणून गाठ लहान असतानाच दाखवलेली बरी.