टोपलीतून कात्रजपर्यंत

गारुड्याची टोपली जेमतेम वीतभर उंच. नागपंचमीला पुण्याच्या पेठांमध्ये पुंगी घुमली की दूध-लाह्या घेऊन बायका दारात यायच्या, झाकण उघडायचं आणि एक हडकुळा नाग फणा काढायचा. एवढ्याशा टोपलीत कोंडला म्हणून त्याची वाढ खुंटली, असं कुणालाही वाटेल. खरं कारण फार क्रूर होतं. नागाचे दात उपटलेले असायचे, कधी तोंडही शिवलेलं असायचं आणि सणाला दूध प्यावं म्हणून त्याला कित्येक दिवस उपाशी-तहानलेला ठेवलेला असायचा.

टोपली लहान म्हणून सापाचं अंग वाढायचं थांबत नाही. साप आयुष्यभर वाढतो. वयात येईपर्यंत झपाट्यानं, पुढे संथपणे. ही वाढ ठरते भक्ष्यावर आणि उबेवर. अंगाला ऊब मिळाली नाही, तर गिळलेला उंदीरही पचत नाही. 1937 मध्ये मलायात पकडलेला एक नागराज लंडनच्या प्राणीसंग्रहालयात, पिंजऱ्यातच, 5.71 मीटरपर्यंत वाढला. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच त्याला मारून टाकण्यात आलं.

मग जागेचा प्रश्न उरतो कुठे? तो उरतो सापाच्या जगण्यात, आणि पुण्यानं तो टप्प्याटप्प्यानं ओळखला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गारुड्याची टोपली हळूहळू रस्त्यावरून हटली. 20 जानेवारी 1980 रोजी सर्पमित्र नीलिमकुमार खैरे पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या मैदानावर काचेच्या खोलीत शिरले. सोबत 72 साप, त्यातले बहुतेक विषारी: नाग, घोणस, मण्यार. 72 तास ते त्यांच्यासोबत राहिले. साप अंगावर चढले, की ते हलक्या हातानं बाजूला करत. विक्रम झालाच, पण डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे पुणेकरांनी काचेपलीकडून स्वतः पाहिलं. माझ्या मते याचं मोल विक्रमाहून मोठं आहे. पुढे 1986 मध्ये खैरे यांच्याच पुढाकारातून कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. पेशवे पार्कातले प्राणीही नंतर कात्रजला हलवले गेले आणि राजीव गांधी प्राणीसंग्रहालयाच्या सुमारे 130 एकरांत सापांना माती, झुडपं, पाणी आणि ऊन मिळालं.

त्यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. कात टाकायची वेळ आली, की सापाचे डोळे दुधाळ होतात. मग तो ओठ खरखरीत दगडावर घासतो, तोंडापाशी कात सुटते आणि उलट्या मोज्यासारखी मागे सोलत जाते. कोरड्या, गुळगुळीत पेटीत हीच कात तुकड्यातुकड्यानं निघते. कधी डोळ्यावरचं पारदर्शक कवच तसंच चिकटून राहतं. बाहेर पडायची वाट शोधत जाळीवर घासून घासून साप नाक सोलून घेतो. पोटभर खाऊन हलायला जागा नसली, की लठ्ठही होतो.

आता हा प्रश्न शहरातल्या घरांत पोहोचला आहे. इथले नाग, धामण, अजगर पाळायला कायद्यानं मनाई आहे. काही जण आफ्रिकेतले बॉल पायथॉन ठेवतात. वेटोळं घालून बसतो, त्याला जागा कशाला हवी, असं त्यांना वाटतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदिवासातले 65 साप प्रत्येकी तासभर पाहिले गेले. त्यातले 24 तेवढ्या वेळात सरळ किंवा जवळजवळ सरळ पसरलेले दिसले. मीटरभर लांबीच्या सापाला तसं पसरायला निदान मीटरभर लांबीची पेटी लागते.