दिनविशेष : ८ जुलै
२०१० : आंध्र प्रदेशातील पवन, बायोमास आणि उसाच्या चिपाडांवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरून युनिटला २ रुपये २५ पैसे आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, या सरकारी धोरणाच्या भरवशावर अनेक उद्योजकांनी भांडवल घातले होते. मात्र तेव्हा हैदराबादेत असलेल्या राज्य वीज नियामक आयोगाने २००१ मध्ये ही वीज ‘एपी ट्रान्स्को’ या राज्याच्या वीज पारेषण कंपनीलाच विकण्याचे बंधन घातले आणि २००४ मध्ये नवे दर लागू केले. अपिलीय न्यायाधिकरणाने प्रकल्पांच्या बाजूने कौल दिल्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. दर ठरवण्याचा अधिकार आयोगाचाच, जुन्या आश्वासनामुळे तो बांधला जात नाही, असे न्यायालयाने बजावले. पण उत्पादकांचे म्हणणे नव्याने ऐकूनच कायद्यानुसार दर ठरवा, असा आदेशही दिला. दर ग्राहकाच्या हिताचा हवाच. तरी ज्याचा पैसा अडकला आहे, त्याला आपला हिशेब मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. नियमनावरचा विश्वास त्यावरच टिकतो.