६० मिनिटांचे वर्तुळ

१९५३ साली अमेरिकेने दंडक घातला: एक इंजिन बंद पडले तर ६० मिनिटांत विमानतळ गाठता यावा, याहून दूर दोन इंजिनांच्या विमानाने जाऊ नये. पिस्टन इंजिनांचा तो काळ. भीती रास्तच होती. जेट इंजिने कितीतरी भरवशाची निघाली, नियम मात्र हटेना.

१९८५ मध्ये टीडब्ल्यूएच्या बोइंग ७६७ ला १२० मिनिटांची मुभा मिळाली. गँडर, केफ्लाविक, शॅनन यांभोवती वर्तुळे आखून मार्ग ठरू लागले. इंधनाचा हिशेब निष्ठुर असे: सर्वांत अडचणीच्या बिंदूवर केबिनमधील दाब गेला, १०,००० फुटांवरील दाट हवेत उतरावे लागले, तरी पर्यायी विमानतळ गाठता आलाच पाहिजे.

दोन्ही इंजिने एकाच कारणाने थांबणार नाहीत, हे यातले गृहीतक. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटच्या ए३३० मध्ये उजव्या इंजिनाची इंधननळी गळू लागली. वैमानिकांनी दोन्ही बाजूंचा इंधनपुरवठा जोडला आणि डावीकडचे इंधनही त्याच वाटेने गेले! सुदैवाने, इंजिने थांबण्यापूर्वीच त्यांनी विमान अझोर्समधील लाजेसकडे वळवले होते. दुसरे इंजिन थांबल्यावर सुमारे १९ मिनिटे तरंगून ते उतरले; सर्व ३०६ जण वाचले.