तीन फूट जमीन : टोरांटोच्या एका रस्त्याची हकीकत

शहराची शीव वाढूं लागली म्हणजे पहिला वाद उत्पन्न होतो तो रस्त्याचा. उपनगरांत घर बांधणाऱ्यास मोकळी हवा हवी असते, दाराशीं अंगण हवें असतें, आणि तरीहि सकाळीं नऊच्या ठोक्याला शहरांतील कचेरींत पोंचावयाचें असतें. उलटपक्षीं, जुन्या शहरांत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यास दुसऱ्याच्या त्या प्रवासाकरितां आपलें घर, आपली आळी आणि मुलांची खेळावयाची जागा सोडून देणें अन्यायाचें वाटतें. या दोन गरजांपैकीं एकहि खोटी नाहीं. म्हणूनच हा वाद कठीण असतो. कॅनडा देशांतील टोरांटो शहरीं तो कित्येक वर्षें चालला आणि १९७१ सालीं त्याचा निकाल लागला. त्या निकालाइतकाच तो उशिरां कां लागला हा प्रश्नहि विचार करण्याजोगा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर टोरांटोभोंवतालचा मुलूख झपाट्यानें भरूं लागला. शहराच्या उत्तरेस नॉर्थ यॉर्क नांवाची टाउनशिप होती. तिची वस्ती १९५१ सालीं सुमारें ८६ हजार होती. १९७१ च्या खानेसुमारींत ती पांच लाखांच्या घरांत गेली. शेतांच्या जागीं बंगल्यांच्या ओळी उठल्या. परंतु पाणी, सांडपाणी आणि मोठे रस्ते यांची सोय करणें एकेकट्या उपनगराच्या आवांक्यांतलें नव्हतें. यास्तव ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारनें १९५३ सालीं कायदा करून टोरांटो शहर व भोंवतालचीं १२ उपनगरें यांची मिळून ‘मेट्रोपोलिटन टोरांटो’ ही महानगर-संस्था स्थापन केली. प्रत्येक उपनगराचा स्थानिक कारभार त्याच्याच हातीं राहिला; मोठ्या कामांचा भार मात्र महानगर-कौन्सिलवर पडला. त्याचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर हे मोठे धडाडीचे गृहस्थ. सरोवराच्या कांठानें जाणारा द्रुतगति-मार्ग आजहि त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

गार्डिनर यांच्या काळांत सबंध महानगरावर द्रुतगति-मार्गांचें एक जाळें आंखण्यांत आलें. त्यांतीलच एक स्पॅडायना मार्ग. स्पॅडायना हें नांव तेथील मूळ रहिवाशांच्या ओजिब्वे भाषेंतील असून त्याचें मूळ टेकडी या अर्थाच्या शब्दांत आहे. शहराच्या उत्तरेकडून पूर्व-पश्चिम जाणारा ४०१ क्रमांकाचा राजमार्ग १९५० नंतरच्या दशकांत तयार झाला होता. त्या राजमार्गापासून निघून नॉर्थ यॉर्कमधून दक्षिणेकडे उतरावें, फॉरेस्ट हिल व सीडरव्हेल या वस्त्या आणि तेथील झाडीची घळ ओलांडावी, आणि थेट शहराच्या मध्यवस्तींत, विद्यापीठाच्या शेजारीं येऊन थांबावें, अशी या नव्या रस्त्याची आंखणी होती.

असे दोन वेगवान मार्ग जेथें एकमेकांस छेदतात तेथें साधा चौक चालत नाहीं. एक मार्ग पुलावरून न्यावा लागतो, दुसरा खालून. आणि एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या गाड्यांना न थांबतां वळतां यावें म्हणून वळणाच्या कमानदार वाटा बांधाव्या लागतात. या सांध्यास इंजिनिअर ‘इंटरचेंज’ म्हणतात. त्यास पुष्कळ जमीन व अमाप पैसा लागतो, आणि एकदां तो झाला कीं आसपासच्या जमिनीचें मोल रातोरात बदलतें. टोरांटोच्या कथेंतील खरी मेख या सांध्यांतच आहे.

४०१ राजमार्ग आणि नियोजित स्पॅडायना मार्ग यांच्या सांध्यालगत ईटन या प्रसिद्ध दुकानदार कंपनीनें मोठी जमीन घेतली होती. तेथें यॉर्कडेल नांवाचें एक विस्तीर्ण बंदिस्त दुकान-संकुल बांधण्याचा बेत ठरला. ईटन आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी सिम्प्सन या दोन्ही कंपन्या तेथें एकाच छपराखालीं येणार होत्या. हें संकुल वसावयाचें होतें मोटारींतून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. तेव्हां इंटरचेंज झालें पाहिजे हा त्याच्या मालकांचा आग्रह स्वाभाविकच होता. उपनगराच्या कारभाऱ्यांनाहि तें हवें होतें. कारण दुकानें आलीं कीं कराचें उत्पन्न येतें, आणि त्या उत्पन्नावर शाळा व गटारें होतात. यॉर्कडेल २६ फेब्रुवारी १९६४ रोजीं उघडलें, आणि शहराच्या पेठेंत जाणारें कितीतरी गिऱ्हाईक तिकडे वळलें.

परंतु इंटरचेंज ही एकटी उभी राहणारी वस्तु नव्हे. तेवढा मोठा सांधा बांधल्यावर त्यांतून निघणारा रस्ता कोठें तरी नेलाच पाहिजे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशांतला हा प्रकार. उत्तरेकडील शेतांत सांधा मंजूर झाला तेव्हां दक्षिणेकडील घरांचें भवितव्यहि निम्मेंअधिक ठरून गेलें. आणि त्या घरांतील बहुतेकांना तें उमगलेंहि नाहीं.

विरोध मुळींच झाला नाहीं असें नव्हे. फॉरेस्ट हिल या धनिकांच्या वस्तीनें आरंभापासून नापसंति दर्शविली. येथें योगायोग असा कीं, गार्डिनर स्वतः पूर्वीं याच फॉरेस्ट हिलचे रीव्ह, म्हणजे ग्रामाध्यक्ष, होते. तथापि महानगराचें हित आणि एका वस्तीचें हित अशी तुलना झाली कीं पारडें महानगराकडे झुके. १९६२ सालीं कौन्सिलनें सबंध मार्गास मंजुरी दिली. रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ घालावे हेंहि योजनेंत होतें. १९६६ सालीं ४०१ पासून लॉरेन्स अव्हेन्यूपर्यंतचा भाग वाहतुकीस खुला झाला, आणि लॉरेन्सच्या दक्षिणेस एग्लिंटन अव्हेन्यूच्या दिशेनें खोदाई चालूं लागली.

पुढें दोन गोष्टी घडल्या. पहिली पैशाची. मंजूर रकमेचा मोठा भाग उत्तरेकडील तुकड्यांतच खर्ची पडला; आणि पुढचा, दाट वस्तींतला, अधिक खर्चाचा भाग तसाच राहिला. १९६९ सालीं कौन्सिलला काम थांबवून सर्व योजनेची फेरतपासणी करावी लागली. दुसरी गोष्ट लोकमताची. त्याच वर्षीं विद्यापीठांतील अध्यापक, विद्यार्थी, घरमालक, भाडेकरू आणि लहान व्यापारी यांनीं एकत्र येऊन ‘स्पॅडायना थांबवा, आपलें शहर वांचवा’ अशा अर्थाचें नांव धारण करणारी एक समिति काढली. न्यूयॉर्कमध्यें अशाच एका द्रुतगति-मार्गाविरुद्ध झगडलेल्या लेखिका जेन जेकब्स १९६८ सालीं टोरांटोस राहावयास आल्या होत्या. त्याहि या चळवळींत सामील झाल्या. प्रसारमाध्यमांचे मीमांसक मार्शल मॅक्लूअन यांनीं जेकब्स यांच्या सहकार्यानें या विषयावर एक लघुपट तयार केला. अर्थशास्त्राचे अध्यापक डेव्हिड नौलन व त्यांच्या पत्नी नडीन यांनीं १९७० सालीं पुस्तक लिहून जमाखर्चाच्याच भाषेंत या रस्त्याची उलटतपासणी केली.

दोन्ही पक्षांचें म्हणणें न्यायानें ऐकावयास हवें. रस्त्याचे पुरस्कर्ते म्हणत कीं, उपनगरें वसलीं आहेत, मोटारी आल्या आहेत, त्या कांहीं नाहींशा होणार नाहींत. त्यांना मोठी वाट दिली नाहीं तर त्या लहान गल्ल्यांत शिरतील, आणि ज्या वस्त्या वांचवावयाच्या त्यांचेच हाल होतील. शिवाय, कौन्सिलनें रीतसर मंजूर केलेल्या कामावर विसंबून लोकांनीं घरें घेतलीं, व्यापाऱ्यांनीं भांडवल गुंतविलें. आतां माघार घेणें हा विश्वासघात नव्हे काय? शहराच्या मध्यभागीं सोयीच्या जागीं राहणाऱ्यांनीं दूरच्यांची वाट अडवावी, हा स्वार्थच नव्हे काय?

विरोधकांचें उत्तर असें कीं, मोठा रस्ता गर्दी शमवीत नाहीं, तो नवी गर्दी ओढून आणतो. रस्त्यानें आलेली प्रत्येक मोटार शहरांत कोठें तरी उभी राहणार. तिच्यासाठीं आणखी घरें पाडावीं लागणार. आणि जुन्या वस्तींतील शेजारधर्म, चालत जाण्याच्या अंतरावरील दुकानें, देशोदेशींच्या नवागतांनीं गजबजलेला केन्सिंग्टनचा बाजार, यांची किंमत इंजिनिअरांच्या कोष्टकांत कोणत्या रकान्यांत मांडली आहे? तोच पैसा रेल्वेवर खर्चिला तर अधिक माणसें थोड्या जागेंतून जातील.

१९७० सालीं कौन्सिलनें काम पुढें चालविण्याचें ठरविलें. परंतु वाढीव कर्ज काढण्यास ऑन्टॅरिओ म्युनिसिपल बोर्ड या प्रांतिक न्यायमंडळाची संमति लागे. १९७१ च्या जानेवारींत त्याच्यापुढें सुनावणी झाली. विरोधकांच्या वतीनें जे. जे. रॉबिनेट हे नामांकित वकील उभे राहिले. फेब्रुवारींत बोर्डानें दोन विरुद्ध एक अशा मतांनीं रस्त्याच्या बाजूनें कौल दिला. मात्र विरुद्ध पडलेलें तें एक मत खुद्द बोर्डाचे अध्यक्ष जे. ए. केनेडी यांचें होतें. विरोधकांनीं प्रांताच्या मंत्रिमंडळाकडे दाद मागितली.

त्या वर्षींच मार्च महिन्यांत विल्यम डेव्हिस हे प्रांताचे मुख्यमंत्री झाले होते. ३ जून १९७१ रोजीं त्यांनीं विधिमंडळांत निर्णय जाहीर केला. आपणांस मोटारींच्या सोयीसाठीं वाहतुकीची व्यवस्था उभारावयाची असेल तर स्पॅडायना मार्ग हा आरंभास उत्तम आहे. पण ती माणसांसाठीं उभारावयाची असेल तर थांबण्यास हेंच ठिकाण उत्तम, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. प्रांतानें पुढील पैसा रोखला आणि रस्ता थांबला. त्याच ऑक्टोबरांत झालेल्या निवडणुकींत डेव्हिस यांच्या पक्षास बहुमत मिळालें.

येथें गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असें म्हणण्याचा मोह होतो; पण इतिहास तसा सरळ नसतो. लॉरेन्स आणि एग्लिंटन यांच्यामधील खोदाई तशीच पडून राहिली; लोक तिला थट्टेनें ‘डेव्हिस यांचा खंदक’ म्हणूं लागले. अखेर तो तुकडा बांधून काढावा लागला आणि १९७६ सालीं रस्ता एग्लिंटनपर्यंत आला. १९७८ च्या जानेवारींत त्याच वाटेनें भुयारी रेल्वेची नवी शाखा विल्सनपर्यंत सुरू झाली. यॉर्कडेलला स्थानक मिळालें. परंतु उत्तरेकडील स्थानकें रुंद रस्त्याच्या मधोमध पडल्यामुळें पायीं येणाऱ्याला तीं घरगुती वाटत नाहींत. रस्त्याला पूर्वींचे महानगराध्यक्ष विल्यम ॲलन यांचें नांव आहे. तो एग्लिंटनच्या नाक्यावर एकाएकीं संपतो, आणि त्यावरून येणारा मोटारींचा लोंढा तेथील साध्या रस्त्यावर ओतला जातो. नाक्याजवळ राहणारे त्याचा त्रास आजहि सोसतात. दक्षिणेच्या वस्त्या वांचल्या. त्या वांचविण्याचें मोल या लोकांनीं दिलें, आणि त्यांना त्याबद्दल कोणी विचारलें नव्हतें.

विरोधकांनाहि आपल्या विजयाची शाश्वति वाटत नव्हती. आज थांबलेला रस्ता उद्यांचें एखादें कौन्सिल पुढें नेणार नाहीं कशावरून? म्हणून १९८५ सालीं, डेव्हिस अधिकारावरून पायउतार होण्याच्या सुमारास, एक नामी तोड काढण्यांत आली. रस्ता जेथें संपतो तेथें, एग्लिंटनच्या दक्षिण बाजूस, अवघ्या तीन फूट रुंदीची जमिनीची पट्टी ९९ वर्षांच्या करारानें टोरांटो शहराच्या हवालीं करण्यांत आली. शहर नको म्हणेल तोंवर महानगराला रस्ता त्या तीन फुटांपलीकडे नेतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. पुढें १९९८ सालीं शहर व उपनगरें मिळून एकच टोरांटो झालें, आणि ज्या दोन संस्थांच्या मध्यें ही पट्टी कुंपण म्हणून घातली होती त्यांच्यांतील भेदच उरला नाहीं. तरीहि रस्ता तेथेंच आहे.

या सर्व हकीकतींत खलपुरुष कोणीच नाहीं. दुकानदारांनीं दुकान मांडलें, उपनगरानें उत्पन्न पाहिलें, इंजिनिअरांनीं मोटारी मोजल्या, रहिवाशांनीं घरें राखलीं. ज्यानें त्यानें आपापलें काम केलें. उणें राहिलें तें एवढेंच कीं, ज्या दिवशीं उत्तरेच्या शेतांत इंटरचेंजचा नकाशा टेबलावर आला, त्या दिवशीं दक्षिणेकडील घरांना आणि एग्लिंटनच्या रहिवाशांना त्या टेबलाशीं बसविलें गेलें नाहीं. तें झालें असतें तर कदाचित् रस्ता झालाच नसता, कदाचित् रेल्वे आधीं आली असती, कदाचित् सर्वांच्या संमतीनें तो पुरता बांधलाहि गेला असता. जो विचार खोदाईपूर्वीं व्हावयाचा तो अर्धी खोदाई झाल्यावर झाला. म्हणून अर्धा रस्ता आणि अर्धें समाधान एवढेंच पदरांत पडलें. जेथें जेथें शहराच्या वेशीवर नवा सांधा घालण्याचें ठरतें, तेथें तेथें त्या सांध्यापासून दूर राहणाऱ्या माणसांनींहि त्या नकाशाकडे वेळींच डोळे उघडून पाहावें, हा टोरांटोचा धडा आहे.