नानांची गाडी आणि मजुरीचा हिशोब

मंडळी, दोन-तीन आठवडे इकडे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होती आणि घरी गाडी-खरेदी. रिलीज नेहमीप्रमाणे पुढे ढकलली गेली, गाडी मात्र आली. आजचं पुराण तिचंच.

तर झालं असं. आमचे नाना (माझे वडील) जळगावला शाळेत मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यात एक स्कूटर सोडली तर स्वतःचं वाहन नाही. आईचे गुडघे दुखायला लागले, एसटीत चढणं-उतरणं जमेना, आणि धुळ्याला मामांकडे तर सारखं जावं लागतं. म्हणून गेल्या डिसेंबरात नानांनी मुदतठेव मोडली आणि मला पुण्याहून बोलावून घेतलं. धुळ्याहून मामा आले. सगळे शोरूमला गेलो.

सेल्समननं कोटेशन ठेवलं. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, इन्शुरन्स, हँडलिंग चार्जेस, इसेन्शिअल किट, फास्टॅग, असं बरंच काही. मी विचारलं, "हँडलिंग चार्जेस ८,५०० कशाचे?" नानांनी टेबलाखालून माझा हात दाबला. मामा हळूच म्हणाले, "भाऊ, गाडी भेटी ऱ्हायनी ना? मंग कसाले भांडस?"

मला गंमत वाटली ती अशी, की दोनच दिवस आधी आई आणि नाना सराफ बाजारात भाचीसाठी कानातलं घ्यायला गेले होते. तिथे तासभर बैठक! आजचा भाव काय, वजन किती, मजुरी किती, मोडीला घट किती धरणार. मजुरी कमी करून घेतल्याशिवाय आई गादीवरून उठली नाही. जळगावात सोनं घेताना मजुरी न विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि त्याच घरातली तीच माणसं सोन्याच्या दहापट रक्कम मोजताना एकदम गरीब गाय. का बरं?

पुण्याला परतताना बसमध्ये हाच विचार करत होतो. उत्तर इतिहासात सापडतं असं माझं मत झालं.

रांगेचा जमाना

आपल्याकडे मोटारी बनायला लागून बरीच वर्षं झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना टाकला. तिथून फियाट निघायच्या. त्यातल्या जुन्या मॉडेलला आपल्याकडे लाडानं "डुक्कर फियाट" म्हणत. पुढे हीच परंपरा पद्मिनीपर्यंत आली. तिकडे कलकत्त्याजवळ अँबेसेडर. गिऱ्हाईकाला निवड एवढीच.

गाड्या कमी, मागणारे जास्त. म्हणून सरकारनं १९५९ मध्ये मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेशच काढला. नोंदणीच्या क्रमानं गाडी द्यायची, आणि घेतलेली नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत विकायची तर परवानगी. १९६९ मध्ये सरकारनं किमतीही ठरवून दिल्या. त्यावर कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

या व्यवस्थेत "गाडी घेताना पैसे वाचवणे" म्हणजे काय? कंट्रोलच्या किमतीत गाडी मिळणे, बस्स! कारण बाहेर वर प्रीमियम मोजायला लोक तयार असत, आणि चांगली वापरलेली गाडी कधीकधी नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा महाग जाई. नंबर लागला हाच डिस्काउंट. देणाऱ्याशी भांडून चालायचं नाही, कारण मागे रांग उभी.

आमच्यासारख्या घरांत मोटारीचा प्रश्नच नव्हता, पण स्कूटरचंही तेच. ताईच्या जन्माआधी नोंदवलेली नानांची स्कूटर ताई बालवाडीत जायला लागल्यावर घरी आली. ती आणायला गेले तेव्हा नाना पेढे घेऊन गेले होते. दुकानदाराला द्यायला! पैसे आपले, वाट आपण पाहिली, आणि पेढेही आपलेच.

मारुतीनं १९८३ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हाही हेच. दहा हजार रुपये आधी भरून सव्वा लाखाच्या वर लोकांनी नाव नोंदवलं. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा आगाऊ. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किल्ली पंतप्रधानांच्या हातून मिळते म्हटल्यावर हँडलिंग चार्जेस कोण विचारणार? :-)

रांग संपली, सवय राहिली

१९९३ मध्ये मोटार उद्योगाचं लायसन्स-राज गेलं. १९९८ च्या शेवटी सँट्रो, मॅटिझ आणि पिंपरी-चिंचवडची इंडिका अशा गाड्या एकापाठोपाठ आल्या. इथे खरा पलटवार झाला. आता गाडी गिऱ्हाईकाची वाट पाहायला लागली. कर्ज सोपं झालं, आणि "वर्षअखेर सूट" हा शब्द पेपरात दिसायला लागला.

म्हणजे सिस्टीमचं व्हर्जन बदललं, पण नानांच्या पिढीच्या डोक्यातला जुना कोड तसाच चालू राहिला. आम्ही ऑफिसात त्याला लेगसी म्हणतो. कुणी हात लावत नाही, कारण कुणाला वाटतं हात लावला तर सगळंच बंद पडेल. नानांना अजून आतून वाटतं, की जास्त विचारलं तर नंबर जाईल.

करानं कापलेली गाडी

किमतीचा दुसरा इतिहास कराचा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरला जेमतेम कमी का असतात, कधी विचार केलाय? २००६ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी छोट्या गाडीची व्याख्या केली. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीच्या आत. अशा गाडीवर अबकारी २४ वरून १६ टक्के. मग काय, कंपन्यांनी डिक्क्या कापल्या! डिझायर आधी चार मीटरहून लांब होती, २०१२ मध्ये शेपूट आखडून आली.

हीच रेषा पुढे जीएसटीतही राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आतल्या गाड्यांवर १८ टक्के कर आला. त्याआधी छोट्या पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के होता. आधी सहा लाखांना मिळणाऱ्या गाडीवर हा फरक पन्नास हजारांच्या आसपास येतो (एक्सेलमध्ये करून पाहिलंय). रेषेबाहेरच्या गाडीला ४० टक्के. तेव्हा दोन मॉडेलमध्ये मन अडकलं असेल तर आधी रेषा बघा, मग सनरूफ.

जकातीचीही एक गोष्ट होती. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये पूर्वी एमएच १८ आणि एमएच १९ च्या गाड्या बऱ्याच दिसायच्या. आमच्या खान्देशी मित्रमंडळींपैकी काहींनी जकात वाचवायला गाडी गावाकडे, म्हणजे धुळे-जळगावला, पासिंग केलेली. पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, मुंबईची २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर. आता गावाकडून गाडी घेऊन जकात वाचत नाही, तरी तो सल्ला देणारे काका अजून प्रत्येक लग्नात भेटतात.

मग मजुरी कुठे आहे?

सोन्याचा भाव कुणी कमी करत नाही, मजुरी कमी होते. गाडीचंही तसंच. कर हा भाव. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, तो कुणाचा बापही कमी करणार नाही. मजुरी या ओळींमध्ये असते:

१. विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, त्याचा दर सगळीकडे सारखाच. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग शोरूममधूनच घ्या असं बंधन नाही. नानांना शोरूमनं ३८,००० सांगितले होते. तेवढ्याच रकमेचा, त्याच अ‍ॅड-ऑनचा विमा बाहेर २७,००० ला मिळाला. जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर नो क्लेम बोनस मागून घ्या. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मामांनी मागची गाडी बदलताना तो तसाच सोडून दिला होता. आता हळहळतात.

२. हँडलिंग आणि किट. भांडायचं नाही, फक्त म्हणायचं, "कशाचे आहेत ते लिहून वेगळी पावती द्या." आमच्या कोटेशनमधले ८,५०० त्या वाक्यावर गेले. १४,००० चं किटही गेलं. सीट कव्हर बाजारात मिळतात.

३. कर्ज. "फ्लॅट ६ टक्के" ऐकून मामेभाऊ खूश झाला होता. पाच लाखांवर पाच वर्षं फ्लॅट ६ म्हणजे दीड लाख व्याज, हप्ता १०,८३३. हाच हप्ता कमी होत जाणाऱ्या शिलकीवर मोजला तर दर पावणेअकराच्याही वर जातो. बँकेत विचारताना "रिड्यूसिंगनं किती?" एवढाच प्रश्न विचारा.

४. दहा लाखांवरची गाडी असेल तर १ टक्का टीसीएस घेतात, २०१६ पासून. तो खर्च नाही, आगाऊ कर आहे. रिटर्न भरताना वळता होतो. माझ्या टीममधले दोघं विसरले होते.

राहिला मुहूर्त. आमच्याकडे आखाजी, दसरा, पाडवा हे गाडीचे दिवस. कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात येतात, तेव्हाही गर्दी. गर्दीच्या दिवशी सूट कशाला मिळेल? नानांनी डिसेंबर पत्करला, वीस हजार कमी झाले. एक गोष्ट मात्र खरी, की डिसेंबरची गाडी जानेवारीत कागदावर वर्षानं जुनी होते. तीन-चार वर्षांत विकणाऱ्यानं हे मोजावं. नाना ती चालवतील तोवर चालवणार, त्यांना फरक नाही. विक्रीच्या दाखल्यावर बनावटीचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते मात्र सही करण्याआधी वाचावं.

तर विमा, हँडलिंग आणि किट मिळून ३३,५०० वाचले, सूट वेगळी. आकडा माझ्या पगाराच्या हिशोबात फार नाही. पण ती नानांची मुदतठेव होती. साडेतेहतीस हजार जमवायला मास्तरला एके काळी किती वर्षं लागत, हे मला घरात बसून माहीत आहे.

डिलिव्हरीच्या दिवशी नाना पेढे घेऊन निघालेच. मी काही बोललो नाही. शोरूममध्ये त्यांनी आधी चष्मा लावला, बोट ठेवून शेवटच्या बिलाची एकेक ओळ वाचली, "फास्टॅगचे पाचशे, त्यातले आत जमा किती?" असं विचारलं, उत्तर ऐकून घेतलं. मग सही केली आणि सगळ्यांना पेढे वाटले.

आई म्हणाली, "इतक्या वर्षांत सराफात कधी एवढं बघितलं नाही यांनी."

असो. आता रिलीजचं बघतो.