आंब्याची कोय आणि पाठीवरचा पंप

जर्दाळू, आलुबुखार ही कोयीची फळे माकणीच्या उन्हात व्हावयाची नाहीत. पण आंबाही कोयीचेच फळ आहे, आणि मराठवाड्याच्या केशराला आता भौगोलिक मानांकनाचा मान आहे. तेव्हा आम्ही आंब्याविषयीच बोलू.

आंब्याचा कावेबाज शत्रू कोयीतच बसतो. भुंग्याची मादी कोवळ्या फळाच्या सालीवर अंडे घालते. अळी कोयीपर्यंत पोखरत जाते आणि फळ वाढता वाढता तिची वाट बुजून जाते. वरून आंबा धडधाकट! एकदा आत गेलेल्या अळीला फवारा गाठू शकत नाही. पडीची फळे आणि कोयी वेचून नष्ट करणे, हा मजुराच्या हातचा उपायच तिथे खरा. असल्या किडींच्या धास्तीने अमेरिकेने आमच्या आंब्याला वर्षानुवर्षे दार लावले होते. २००७ साली लासलगावला किरणांची मात्रा घेतलेला आंबा तिकडे उतरला. पुढे फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने मे २०१४ पासून बंदी घातली, ती २०१५ च्या आरंभी उठली. एवढ्याशा माशीसाठी दिल्लीपासून ब्रुसेल्सपर्यंत कागद हलले.

माणसासाठी कागद कधी हलला? १९५८ साली केरळात फॉलिडॉल हे कीटकनाशक जहाजातून येताना धान्यपिठात मिसळले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे व श्वसनसाधन द्यावे, असे स्वच्छ लिहिले आहे. तरी २०१७ साली यवतमाळात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली.

आंबा तर कपाशीहून कितीतरी उंच. मोहोरावर तुडतुडा आणि भुरी आली की सोळा लिटरचा पंप पाठीला लावून नळी वर धरावयाची. थेंब कपाळावर, मानेवर उतरतात. हातमोजे मागावेत तर बागवान म्हणतो, मोहोर व्यापाऱ्याला दिला आहे, गडी त्याचा. व्यापारी म्हणतो, झाड बागवानाचे, गडीही त्याचाच. आम्ही दोघांना एका बाकावर बसवून नियम वाचून दाखवतो, तेव्हा कुठे मोजे येतात. तेही पुष्कळदा एकच जोड, तिघांत.