खान्देशातला म्हातारपणीचा विरंगुळा

खान्देशातल्या खेड्यात म्हातारपणीचा विरंगुळा पूर्वी कामापासून वेगळा काढता येत नसे. शेत मुलांच्या हाती गेले की बाप ओट्यावर नाहीतर पारावर बसे. गप्पा चालत, पण हात अंबाडीचा दोर वळत असत. बायकांना तर पारही नव्हता. गोधडी शिवणे, वाती वळणे, नातवंडे सांभाळणे यांतच त्यांची करमणूक होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (1880–1951) ओव्या जात्यावर आणि शेतात जन्मल्या, त्या याच रीतीने.

चातुर्मासात मात्र वेळेला आकार येई. वाचता येणारा एखादा म्हातारा हरिविजयाची किंवा पांडवप्रतापाची पोथी लावी आणि निम्मी आळी ऐकायला जमे. या श्रोत्यांना अशिक्षित म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांना कथेचे अध्याय तोंडपाठ असत आणि वाचणारा चुकला तर ते त्याला थांबवीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव रंगत, श्रावणात कानबाई देवी येई, आणि आषाढीआधी मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या लांब वाटेला लागे. वारी हा वृद्धांचा सर्वात मोठा प्रवास होता.

शहरांत छापील अक्षराने नवी बैठक दिली. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय 1877 सालचे. पुढे नोकरी आणि पेन्शन आले, तेव्हा पहिल्यांदा ठरलेल्या वयाला, ठरलेल्या तारखेला रिकामा झालेला माणूस तयार झाला. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत असे अनेक होते. वर्तमानपत्र हा त्यांचा सकाळचा नेम झाला.

1976 साली जळगावला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओने पार मोडला नाही. तो पारावरच वाजे. दूरदर्शनने मात्र माणसे घरात नेली. 1987 साली रामायण मालिका सुरू झाल्यावर रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत. जी गोष्ट पूर्वी पोथीतून ऐकायची, ती आता पाहायची झाली, आणि वाचणाऱ्याला थांबवण्याचा श्रोत्याचा हक्क तेवढा गेला.

आज पाराची जागा ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला कट्टा आणि मेहरूण तलावाकाठचा फेरफटका यांनी घेतली आहे. मोबाइलवर अहिराणी विनोदी व्हिडिओ पाहिले जातात. प्रवासही सोपा झाला: ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एस.टी. मोफत आहे आणि मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागते. म्हाताऱ्या बाईच्या घराबाहेरच्या विरंगुळ्याला सरकारी सवलतीचा असा आधार उशिराच मिळाला.